भरदुपारचा फ्लॅश आणि डोळ्यातला ठिपका

सांगलीत मेच्या ७-८ तारखेला आणि साताऱ्यात ११ तारखेच्या आसपास सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. त्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. अंगणात काठी उभी केली तर तिची सावली तिच्या बुडातच नाहीशी होते. घड्याळात तेव्हा साडेबारा वाजलेले असतात. नेमक्या याच दिवसांत आणि याच वेळेला, वाईपासून मिरजेपर्यंत कुठल्या ना कुठल्या मांडवात अक्षता पडत असतात. अक्षता पडल्या की पाहुणे फोटोसाठी अंगणात येऊन उभे राहतात. त्या दिवसांतला कोणताही अल्बम उघडून पाहा. शालू झळाळतो, फेट्याचा तुरा झळाळतो, कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढरा पडलेला असतो, आणि भुवयांखाली डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे असतात. ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप केला, त्यांची नजरच फोटोत नसते.

दिवसाउजेडी फ्लॅश वापरावा का, हा आपल्याकडच्या छायाचित्रकारांमधला जुना वाद आहे. ‘ऊन असताना फ्लॅश कशाला’ म्हणणारे एका बाजूला आणि प्रत्येक फोटोवर फ्लॅश मारणारे दुसऱ्या बाजूला. रिफ्लेक्टरवाले, एलईडीवाले आणि ‘नंतर कॉम्प्युटरवर बघू’ म्हणणारे यांच्या मधे कुठेतरी. गेली कित्येक वर्षे या दोन जिल्ह्यांत माणसांचे फोटो काढताना आणि इतरांचे पाहताना माझे एक मत पक्के होत गेले. आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवतो. सावली उचलणे हा एक प्रश्न, तर डोळ्यात चमक आणणे हा दुसरा. पहिल्याला भरणीचा प्रकाश लागतो, म्हणजे फिल फ्लॅश. दुसऱ्याला कॅचलाइट लागतो, म्हणजे बुबुळावर उमटणारे दिव्याचे किंवा आकाशाचे प्रतिबिंब. एकाच दिव्याने दोन्ही कामे होतात म्हणून ती एकच वाटतात. पण दोन्हींचा हिशेब वेगळा आहे, आणि माझ्या मते डोळ्याचा आधी करावा.

आधी ऊन समजून घेऊ, कारण छायाचित्रणाची बहुतेक पुस्तके युरोप-अमेरिकेच्या उन्हाला धरून लिहिलेली आहेत. तिथल्या हिवाळ्यात सूर्य दिवसभर खाली लोंबकळत असतो आणि चेहऱ्यावर तिरका प्रकाश आयता मिळतो. आपण १७ अंश अक्षांशाच्या आसपास राहतो. मेच्या मध्यावर सकाळी ८ वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे २६ अंशांवर असतो, आणि १० वाजता तो ५४ अंशांवर पोचलेला असतो. म्हणजे चेहऱ्याला मानवणारे ऊन नाश्ता आटपेपर्यंत संपते. याउलट डिसेंबरच्या अखेरीस भर माध्यान्हीही सूर्य जेमतेम ५० अंश चढतो. तुळशीच्या लग्नानंतरच्या हंगामातला दुपारचा मुहूर्त आणि वैशाखातला दुपारचा मुहूर्त हे फोटोच्या दृष्टीने दोन वेगळे देश आहेत. डिसेंबरातल्या दुपारी चेहरा थोडा वळवून आणि हनुवटी जराशी उचलून काम भागते. मेमध्ये तसे भागत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या चेहऱ्यांची. निळ्या किंवा घाऱ्या डोळ्यांत बुबुळाचा रंगच काही प्रमाणात डोळा उजळतो. आपल्याकडे बुबुळ बहुतेकांचे गडद तपकिरी असते. सावलीत ते आणि त्यामधली बाहुली एकजीव होऊन नुसता काळा गोल उरतो. त्या गोलावर पांढरा ठिपका नसेल तर माणूस कुठे पाहतो आहे हेसुद्धा कळत नाही. आणि ठिपका असेल तर काळ्या पार्श्वभूमीमुळे तो घाऱ्या डोळ्यापेक्षा कितीतरी जास्त उठून दिसतो. शिवाय डोक्यावर काही ना काही असतेच. माणदेशातल्या मेंढपाळाचा पटका, म्हाताऱ्या बाईने कपाळापर्यंत ओढलेला पदर, शेतात डोक्यावर घेतलेले पोते. यातले प्रत्येक डोळ्यांवर छप्पर घालते.

‘ढग आले की काम सोपे’ हा समजही तपासायला हवा. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, तेव्हा आकाश बहुधा भरलेले असते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड हा पट्टा आणि चांदोबाचा लिंब इथले पहिले उभे रिंगण यांसाठी दरवर्षी शेकडो कॅमेरे येतात. ढगाळ उजेड मऊ असतो हे खरे. पण पूर्ण झाकोळलेल्या आकाशात माथ्यावरचा भाग क्षितिजाजवळच्या भागाच्या जवळपास तिप्पट उजळ असतो. म्हणजे प्रकाश मऊ झाला तरी तो वरूनच येतो. वारकऱ्याच्या गालावर कठोर सावली पडत नाही, पण डोळ्यांचे खड्डे जागेवरच राहतात, फक्त काळ्याऐवजी राखाडी होतात. पाऊस-ढगांत काढलेले अनेक सुंदर चेहरे निस्तेज वाटतात ते यामुळे.

आता त्या ठिपक्याकडे येऊ. गणपतीच्या कारखान्यात मूर्ती पूर्ण रंगवून झाली तरी मूर्तिकार तिला पूर्ण म्हणत नाही. डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि ती कारखान्यातला सर्वांत मुरलेला हात करतो. कडा, बुबुळ, बाहुली, आणि सरतेशेवटी पांढऱ्या रंगाचा एक टिंब. तो टिंब ठेवला जातो त्या क्षणी मूर्ती आपल्याकडे पाहू लागते. व्यक्तिचित्रे रंगवणारे चित्रकारही हेच करत आले. जुन्या स्टुडिओंतले रिटचिंग करणारे कारागीर काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने डोळ्यात हाच ठिपका देत असत. कॅचलाइट हा शब्द परका असला तरी त्यामागची गरज आपल्याकडे फार जुनी आहे.

त्याचे शास्त्र साधे आहे. डोळ्याचा पारदर्शक पडदा हा छोटासा बहिर्वक्र आरसा आहे. त्याची त्रिज्या सुमारे ७.८ मिलिमीटर असते आणि त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे अडीच टक्केच तो परत पाठवतो. त्यामुळे त्यात सभोवारचे सगळे अतिशय लहान होऊन दिसते. तीन मीटरवर धरलेल्या उघड्या फ्लॅशचे सात सेंटिमीटर रुंद तोंड त्यात एक दशांश मिलिमीटरही भरत नाही. म्हणून तो सुईच्या टोकासारखा दिसतो. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर असला तर हे टोक बाहुलीच्या जवळजवळ मध्यावर बसते आणि माणूस दचकल्यासारखा वाटतो. साठ सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स दीड मीटरवर आणला तर त्याचे प्रतिबिंब दीड मिलिमीटरचे होते. बुबुळ साधारण बारा मिलिमीटरचे असते. एवढा ठिपका डोळ्याला जिवंत करतो, आणि तो घड्याळातल्या १० किंवा २ च्या जागी आला तर नैसर्गिक वाटतो, कारण खिडकी आणि आकाश आपल्याला डोळ्यात तिथेच पाहायची सवय आहे.

यातून निघणारा निष्कर्ष फार थोडे लोक लक्षात घेतात. ठिपक्याची चमक ठरते ती दिव्याच्या स्वतःच्या तेजावर, तो चेहऱ्यावर किती प्रकाश टाकतो यावर नाही. म्हणून फ्लॅशची ताकद इतकी कमी करता येते की गालावरची सावली तसूभरही हलत नाही, आणि तरी डोळ्यात ठिपका येतो. सावली उचलायला लागतो त्याच्या कितीतरी कमी प्रकाश डोळ्याला पुरतो. ज्यांना ‘फ्लॅशचा फोटो’ नको असतो, त्यांच्या भीतीवरचे उत्तर हे आहे.

फ्लॅशच्या आधी मात्र आकाश. या बाबतीत मी नैसर्गिक उजेडवाल्यांच्या बाजूने आहे. आपल्या जुन्या घरांत ही सोय बांधूनच ठेवलेली आहे. वाड्याच्या सोप्यावर, चौकाकडे तोंड करून, कडेला माणूस बसवला की डोक्यावर छप्पर असते, त्यामुळे वरचा प्रकाश अडतो आणि चौकातल्या आकाशाचा मोठा तुकडा समोरून डोळ्यात उतरतो. गावाकडच्या घराचा उंबरा, गोठ्याचे तोंड, शाळेचा व्हरांडा, सगळीकडे हेच साधते. माणूस आत, सावलीच्या कडेपासून हातभर मागे, आणि तोंड उजेडाकडे. ‘आज्जी, जरा हिकडं उजेडाकडं बघा की’ एवढे म्हटले की निम्मे काम होते. साताऱ्याजवळच्या लिंब गावातली अठराव्या शतकातली बारा मोटांची विहीर फोटोसाठी हल्ली फार गाजते. तिथेही पायऱ्यांवर उभे करून वर पाहायला लावण्यापेक्षा कमानीच्या आडोशाला बसवून विहिरीच्या उघड्या तोंडाकडे वळवले तर डोळे उजळतात.

पायाखालची जमीन हा दुसरा फुकटचा दिवा आहे, आणि तो दर दहा मैलांवर बदलतो. मेणवलीचा घाट, कराडच्या प्रीतिसंगमाच्या पायऱ्या, सांगली-हरिपूरकडचे कृष्णेचे घाट, सगळे काळ्या पाषाणाचे. काळा दगड प्रकाश गिळतो, खालून काहीच परत येत नाही, म्हणून घाटावरचे दुपारचे चेहरे सर्वांत काळवंडलेले येतात. कास पठारावरचा जांभा तांबूस उजेड परत देतो. तालमीतली तांबडी माती पैलवानाच्या हनुवटीखाली तोच रंग चढवते. मांडवाचे लाल-पिवळे कापड तर अख्ख्या वऱ्हाडाला रंगवून टाकते. चुन्याची पांढरी भिंत किंवा जमिनीवर अंथरलेली पांढरी चादर यांचे मोल अशा वेळी कळते.

रिफ्लेक्टर म्हणजे हीच चादर हातात धरलेली. सिनेमावाल्यांनी ही विद्या आपल्या भागात रुजवली. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाश आणला, तोवर आणि पुढेही बराच काळ सिनेमाचे मुख्य साधन ऊनच होते. वाई-मेणवलीला शूटिंग असले की आजही पांढरे आणि चंदेरी फलक धरलेली पोरे दिसतात. फोटोसाठी मात्र चंदेरी बाजू मेच्या उन्हात क्रूर ठरते. माणूस डोळे मिटून घेतो, मग चमक येणार कशात? पांढरी बाजू बरी. ती जमिनीवर ठेवली तर प्रकाश खालून येतो आणि चेहरा नाटकातल्या राक्षसासारखा दिसतो, म्हणून छातीच्या उंचीवर आणि बाजूने धरावी लागते. त्यासाठी एक माणूस लागतो, आणि पठारावरच्या वाऱ्यात त्या माणसाला धरायला दुसरा.

आता फ्लॅश. मॅग्नेशियमची पूड जाळून फोटो काढण्याची युक्ती जर्मनीत १८८७ मध्ये निघाली. १९२९ मध्ये, म्हणजे सांगलीत कृष्णेवर आयर्विन पूल उभा राहिला त्याच वर्षी, जर्मनीतच पहिला फ्लॅशबल्ब बाजारात आला. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश १९३० च्या दशकात अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांच्या प्रयोगांतून पुढे आला. पण हे सगळे अंधारासाठी होते. उन्हात फ्लॅश वापरायची अडचण वेगळी होती, आणि ती फ्लॅशची नव्हतीच, शटरची होती. पेंटॅक्स के१००० सारख्या कॅमेऱ्याला फ्लॅशसोबत सेकंदाचा १/६० हाच सर्वांत जलद वेग मिळे. १०० आयएसओच्या फिल्मवर लख्ख उन्हात त्या वेगाला एफ/२२ लागते. एवढ्या बारीक छिद्रातून साध्या फ्लॅशचा प्रकाश अडीच मीटरच्या पुढे भरणीलाही पुरत नसे. वऱ्हाडाचा गट अडीच मीटरवरून कसा काढणार? ‘उन्हात फ्लॅश मारून उपयोग नाही’ हे वाक्य त्या पिढीच्या अनुभवातून आले होते आणि त्या कॅमेऱ्यापुरते खरेही होते. स्टुडिओत यशिका मॅट १२४ जी बाळगणाऱ्यांची गोष्ट वेगळी होती. तिचे शटर भिंगातच असल्याने १/५०० पर्यंत कुठल्याही वेगाला फ्लॅश जुळायचा.

पुढे गणित सोपे होत गेले. १९७५ च्या ऑलिंपस ओएम-२ ने फ्लॅशचा प्रकाश कॅमेऱ्याच्या आत मोजायला सुरुवात केली, १९८६ मध्ये ऑलिंपसनेच जलद शटरलाही जुळणारा फ्लॅश आणला, आणि १९८८ च्या निकॉन एफ-८०१ ने ऊन आणि फ्लॅश यांचा तोल स्वतः साधायचा प्रयत्न केला. आजच्या कॅमेऱ्यावर १/२५०, एफ/११, आयएसओ १०० एवढे लावले की ऊन आटोक्यात येते. मग तीन मीटरवरच्या माणसाला उन्हापेक्षा दोन स्टॉप कमी, म्हणजे उन्हाच्या पावपट, भरण द्यायची तर गाइड नंबर १६-१७ एवढीच ताकद लागते. खिशात मावणारा फ्लॅशही ती देतो.

किती भरायचे? लख्ख उन्हात उजळ गाल आणि सावलीतला गाल यांत साधारण तीन स्टॉपचे अंतर पडते. फ्लॅश उणे दीड ते उणे दोनवर ठेवला की सावली उघडते, पण मिटत नाही. सूर्य पाठीमागे असेल आणि अख्खा चेहरा सावलीत असेल तर उणे एकपर्यंत यावे. आपल्याकडच्या लग्नांत नेमके उलटे दिसते. फ्लॅश शून्यावर किंवा त्याच्याही वर असतो, चेहरे कागदी कातरणासारखे पार्श्वभूमीपासून सुटे होतात, आणि घामेजलेल्या, हळद-तेल लागलेल्या त्वचेवर पांढरे डाग उठतात. इंग्लंडच्या मार्टिन पार यांनी भरदिवसाच्या भडक फ्लॅशला स्वतःची शैली बनवले. १९८६ च्या ‘द लास्ट रिसॉर्ट’ या पुस्तकात तो फ्लॅश समुद्रकिनाऱ्यावरच्या सुटीचे वास्तव ओरबाडून दाखवतो. ती विचारपूर्वक घेतलेली भूमिका होती. नवरीच्या आजीच्या फोटोला ती लावण्याचे कारण मला कधी सापडले नाही.

पांढऱ्या कपड्यांची अडचण आपली खास आहे. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरे धोतर आणि मधे उन्हाने रापलेला चेहरा. कॅमेऱ्याचे स्वयंचलित मोजमाप इथे हमखास गोंधळते, आणि फ्लॅश जास्त झाला तर आधी सदरा उडतो. फ्लॅशचे डोके चेहऱ्याच्या थोडे वर उचलले की कपड्यावर फक्त प्रकाशाची कड पडते आणि चेहऱ्याला मधला भाग मिळतो. पैसा न लागणारी ही युक्ती फार जणांना माहीत नाही. चष्मा असेल तर फ्लॅश बाजूला घ्यावा आणि काड्या कानावर किंचित उचलायला सांगाव्यात. काचेवरचा झोत निघून जातो.

एफ/११ ला मागचे सगळे स्पष्ट दिसते. उभ्या केलेल्या मोटारसायकली, मांडवाचे खांब, पाण्याचा टँकर. पार्श्वभूमी धूसर हवी म्हणून हल्ली सगळे जण एफ/२.८ लावून जलद शटरचा फ्लॅश वापरतात. त्यात फ्लॅश एकदम न पेटता थरथरत राहतो आणि त्याची बरीच ताकद वाया जाते, बॅटऱ्या तापतात. भिंगापुढे चार स्टॉपची काळी काच, म्हणजे एनडी, लावली तर शटर १/२५० वरच राहते आणि फ्लॅशला एफ/११ ला लागली असती तेवढीच ताकद लागते. मला ही वाट जास्त पटते.

तासगावकडे द्राक्षाच्या मांडवाखाली मात्र सगळेच नियम बदलतात. पानांतून गाळून येणारा प्रकाश हिरवा असतो आणि माणसे आजारी दिसतात. शेडनेटखालीही तेच. इथे फ्लॅश भरणीचा राहत नाही, त्याला मुख्य दिवा व्हावे लागते. छत्रीतून किंवा सॉफ्टबॉक्समधून, बाजूने, चेहऱ्यापुरता. मग हिरवा रंग खांद्यांच्या कडांना आणि मागच्या पानांत राहतो, जिथे तो शोभतो. गोरज मुहूर्ताला वेगळी काळजी घ्यावी लागते. मावळतीचा उजेड केशरी आणि फ्लॅश निळसर पांढरा, म्हणून फ्लॅशच्या तोंडावर नारंगी जिलेटीन लावल्याशिवाय चेहरा त्या संध्याकाळचा वाटत नाही. कासच्या धुक्यात फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवलात तर तो आधी थेंबांवरच आदळतो आणि सगळ्या फोटोवर पांढरे ठिपके येतात. तो हाताने लांब धरावा. तिथे फुलांत बसवून फोटो काढू नयेत, पायवाटेवरूनच काढावेत, हे मला तंत्राहूनही महत्त्वाचे वाटते. आणि शर्यतीच्या बैलांसमोर फ्लॅश कधीच मारू नये.

हातात धरायच्या एलईडीबद्दल बाजारात मोठमोठे दावे ऐकू येतात. सूर्याचे ऊन लाखभर लक्सचे असते. छोटा एलईडी एक मीटरवर त्याच्या शेकड्याला एक-दोन भाग देतो. तो सावली उचलेल हे विसरा. पण झाडाखालच्या किंवा सोप्यातल्या सावलीत डोळ्यातला ठिपका देण्याचे काम तो सुरेख करतो, आणि लहान मुले त्याला फ्लॅशसारखी बिचकत नाहीत. कॉम्प्युटरवर किंवा फोनवर नंतर ठिपके घालणारे जुन्या रिटचिंगवाल्यांचेच वारस आहेत. फरक इतकाच की तो कारागीर प्रत्येक डोळ्यासमोर थांबून, सावली कुठून पडली आहे ते पाहून पेन्सिल टेकवत असे. आता एका गटातल्या वीस जणांच्या चाळीस डोळ्यांत एकच ठिपका एकाच जागी बसतो, मग कोणी उन्हाकडे पाहत असो वा जमिनीकडे.

गेल्या हंगामात तासगावजवळच्या एका बागेत द्राक्षे उतरवणाऱ्या एका आजींचा फोटो काढला. डोक्यावर पदर, त्यावर चुंबळ, मांडवाबाहेरच्या बांधावर भर उन्हात उभ्या. त्यांना आधी बांधावरच्या बाभळीच्या सावलीत घेतले, तोंड मोकळ्या रानाकडे केले, आणि छोट्या सॉफ्टबॉक्समधला फ्लॅश १/३२ वर ठेवून त्यांच्या डाव्या खांद्याच्या वर धरला. त्या हसून म्हणाल्या, ‘एवढ्या उन्हात दिवा कशाला रं बाबा?’ मी स्क्रीनवर फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला, मग स्क्रीनवर स्वतःच्याच डोळ्यावर बोट ठेवून शेजारच्या सुनेला जवळ बोलावले.